माईकची ओली टोपी

भुताखेतांच्या गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

आणि खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, माझं काही म्हणणं नाही. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत हे घडलं. तिनेच मला सांगितलं, तेही समोर बसवून. फोनवर ती हा विषय काढत नाही.

कधीच नाही.

घरात आम्ही तिला चिमीताई म्हणतो. चाळिशी उलटली, केस पिकायला लागले, तरी चिमीच. पेशाने ती स्पीच थेरपिस्ट. म्हणजे ज्यांचं बोलणं अडखळतं, किंवा आजारपणात ज्यांची वाचा जाते, त्यांना परत बोलायला शिकवणारी. तिचं सगळं काम तोंडाशी. ओठ, जीभ, टाळू, लाळ. लोकांच्या उघड्या तोंडात टॉर्च मारून बघण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. किळस म्हणजे काय हे तिच्या गावीही नव्हतं. आम्ही जेवायला बसलो की ती खुशाल कुणाच्या तरी लाळेच्या गोष्टी सांगायची आणि मावशी तिला ताटावरून उठवायची.

हे आधीच सांगतोय, कारण अशा बाईला त्या खोलीत भडाभडा उलटी झाली.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. चिमीताईने दवाखान्यातली नोकरी सोडून घरूनच काम सुरू केलं होतं. पेशंट त्यांच्या घरी, ही हिच्या घरी, मध्ये कॉम्प्युटर. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मागे एक लहानशी खोली आहे. आधी तिथे बॅगा आणि एक जुनी गादी पडून असायची. ते सगळं हलवून तिने टेबल टाकलं. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची कोरी भिंत. रस्त्याचा आवाज नाही, लिफ्टचा नाही. म्हणूनच तर तिने ती खोली निवडली.

टेबलावर कॉम्प्युटर. वर कॅमेरा. आणि वाकड्या मानेचा एक माईक, त्यावर काळ्या फोमची टोपी.

तिचे एक पेशंट होते, ड्रायव्हिंगवाले मास्तर. उभा जन्म त्यांनी लोकांना गाडी शिकवली. अर्ध्या शहराला त्यांच्या शिव्या पाठ. आणि मग एक झटका आला आणि वाचा गेली. उजवी बाजू जरा लुळी पडली, तीही सुधारली, काठी टेकत चालायचे. पण शब्द फुटेना. समोरचं सगळं कळायचं, डोळे बोलायचे, आणि तोंडातून नुसता वारा. त्यांची बायको, आम्ही काकूच म्हणू, रोज दुपारी त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवायची आणि स्वतः खुर्चीच्या मागे उभी राहायची.

"म्हणा मास्तर, डावीकडे. डा...वी..."

मास्तर घाम गाळायचे. काकू मागे उभी राहून स्वतःचेच ओठ हलवायची.

त्या मंगळवारी धडा सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. काकू संकोचत म्हणाली, "ताई, तुम्ही जेवून घ्या ना आधी. आम्ही थांबतो."

"माझं झालंय काकू जेवण. मघाशीच."

"नाही, ते... खाण्याचा आवाज येतोय म्हणून म्हटलं."

चिमीताईला हसू आलं. तोंडात काही नव्हतं. बडीशेपसुद्धा नाही. तिने माईक म्यूट केला. स्क्रीनवर माईकच्या चित्रावर लाल रेघ आली. हाताने खूण करून तिने विचारलं, आता?

काकूने कान पुढे केला.

"आता जास्त येतोय ताई. तुमचा आवाज गेला... आणि तोच राहिला."

चिमीताईने तो कॉल बंद करून परत लावला. परत तेच. इंटरनेटचं काहीतरी असेल म्हणून तिने वेळ मारून नेली. पण दुसऱ्या दिवशी आणखी एका पेशंटच्या आईने तोंड वाकडं करून सांगितलं, मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही मचमच करता तेव्हा आमच्या मुलीचं लक्ष लागत नाही. आणि त्या बाईने पुढचे सगळे धडे रद्द केले.

आता मात्र चिमीताई हादरली. नोकरी सोडलेली. नवं काम, नवं नाव. ते नाव असं मचमचणारी बाई म्हणून व्हायला नको होतं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज तपासायची सोय असते. आपण बोलायचं, ते रेकॉर्ड होतं, आणि लगेच आपल्यालाच ऐकवतं. तिने हेडफोन लावले. दार बंद केलं. पंखा बंद केला.

"हॅलो. आवाज येतोय का? हॅलो."

मग ती गप्प बसून राहिली.

हेडफोनमध्ये तिचाच आवाज आला. हॅलो. आवाज येतोय का. हॅलो.

मग शांतता.

मग...

चप्प.

ओला, चिकट आवाज. मिटलेले ओठ एकमेकांपासून सुटताना होतो तसा. मग जीभ तोंडात फिरल्याचा. मग लाळ गिळल्याचा... एक जाड, सावकाश घोट.

दुसऱ्या कुणी तिथेच हेडफोन फेकले असते. चिमीताईने ते परत ऐकलं. सवयच ती. डोळे मिटून ऐकलं आणि तिला ते तोंड दिसायला लागलं. या तोंडात दात नाहीत. एकही नाही. हिरड्यांवर हिरड्या घासतायत. जीभ जड आहे, तोंडात मावत नाहीये. लाळ दाट आहे, तिचे धागे तुटतायत.

आणि हे तोंड माईकपासून चार बोटांवर आहे. तिच्या स्वतःच्या तोंडापेक्षा जवळ.

तिने डोळे उघडले. समोर माईक. काळी टोपी.

टोपी ओली होती.

वर काही ठिबकत नव्हतं. पाण्याचा ग्लास ती या खोलीत आणतच नसे. फोम मऊ पडून एका बाजूने चोखल्यासारखा झाला होता. तिने बोट लावलं. बोट उचललं, तर टोपीपासून बोटापर्यंत एक तार आली... लांब झाली... तुटली.

आणि तिने, वीस वर्षांची सवय म्हणून, बोट नाकाशी नेलं.

खूप दिवस मिटून ठेवलेल्या तोंडाचा वास.

तिला बाथरूमपर्यंतही पोचता आलं नाही.

संध्याकाळी भावजी, म्हणजे तिचे यजमान, घरी आले. भले गृहस्थ. पण त्यांचा जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच उपाय, बंद करून परत चालू कर. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. सेटिंगमध्ये जाऊन माईक बदलला, आजूबाजूचा आवाज गाळायचं बटण लावलं, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. मग रेकॉर्डिंग ऐकलं.

"अगं, हा तुझाच आवाज आहे," ते म्हणाले. "बोलून झालं की तू ओठ चाटतेस."

"मी? मी ओठ चाटते?"

"लक्षात येत नाही माणसाच्या."

चिमीताई उठली, स्वयंपाकघरातला जाड नॅपकिन आणला, तोंडावर बांधला. पाठीमागे गाठ मारली आणि माईकसमोर हाताची घडी घालून बसली. भावजी रेकॉर्डिंग लावून दारात उभे राहिले. दोघांपैकी कुणी श्वासही मोठ्याने घेतला नाही.

मग त्यांनी ते लावलं. तोच चप्प, तोच घोट.

भावजींनी ते पूर्ण ऐकलंही नाही. माईकची टोपी कागदात धरून कचऱ्यात टाकली, मग कचऱ्याची पिशवीच खाली नेऊन टाकली, मग हात धुतले. परत धुतले. त्या रात्री ते जेवले नाहीत. त्यानंतर ओठ चाटण्याचा विषय त्यांनी काढला नाही.

पुढचा उपाय कॉम्प्युटरवाला. मोठा बोलका माणूस. आल्या आल्या म्हणाला, "ताई, नव्वद टक्के लोक चुकीचा माईक निवडून बसतात आणि मग म्हणतात भूत आहे." आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. चिमीताई हसली नाही. त्याने तिचे हेडफोन काढले, कॅमेरा काढला, वाकड्या मानेच्या माईकची वायर उपटली आणि माईक हातात धरला.

"हं. आता तुमचा कॉम्प्युटर ठार बहिरा. आता काही आलं तर बिघाड आत. नाही आलं तर बाहेर. सोपं आहे."

सेटिंगमध्ये आवाजाची एक हिरवी पट्टी असते. आवाज आला की ती उजवीकडे सरकते, नसला की निजून राहते. पट्टी निजलेली होती.

"बघा," तो म्हणाला.

पट्टी हलली.

थोडीशीच. मग परत खाली. मग परत वर... सावकाश, तालात.

कॉम्प्युटरवाल्याने मान पुढे काढली. पट्टीकडे बघता बघता त्याचा चेहरा बदलला. तो पट्टीमुळे बदलला नव्हता. त्याने खाली, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. वायर तुटल्या शेपटासारखी लोंबणारा तो माईक त्याच्या मुठीत होता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "हा... गरम लागतोय."

मूठ उघडली. माईकच्या जाळीतून पांढरट, बुडबुड्यांची ओल त्याच्या तळहातावर आली होती.

त्याने माईक झटकला. पँटला हात पुसला, मग त्या पँटकडेही असं पाहिलं की आता ही कशी घालून जाऊ. सामान बॅगेत कोंबत तो दाराकडे निघाला. चिमीताई मागोमाग गेली, म्हणाली, अहो, पण झालंय काय ते तरी सांगा.

"हे ऑडिओचं काम नाही ताई," तो जिन्यावरून म्हणाला. लिफ्टसाठी थांबला नाही.

आता कुणीही ती खोली बंद करून टाकली असती. चिमीताईनेही केलीच. पण त्याआधी तिने एक गोष्ट केली, आणि तिचं तिलाच अजून कळत नाही की का केली. काढलेला माईक तिने जोडला नाही. नुसता कॉम्प्युटर रेकॉर्डिंगला लावून ठेवला आणि दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, स्वयंपाकघरात, कुकर चढवून, माणसांचा आवाज असावा म्हणून रेडिओ लावून, तिने ते ऐकलं.

चप्प. चप्प. चप्प.

मध्ये खंड.

मग जीभ टाळूला लावून सोडल्याचा आवाज. टक्क. टक्क. टक्क.

मध्ये खंड.

मग गाल फुगवून हवा सोडल्याचा. फुस्स...

चिमीताईने हात पुढे करून रेडिओ बंद केला.

कारण तिला हा क्रम माहीत होता. आधी ओठ आपटायचे. मग जिभेचा टक्क. मग गाल. मग ओठांचा चंबू. हा तिचाच धडा होता. झटक्याने वाचा गेलेल्या माणसाला ती पहिल्या दिवसापासून हाच शिकवते. त्या खोलीत बसून कित्येक दुपारी तिने हाच धडा मास्तरांकडून करून घेतला होता.

ते काही खात नव्हतं.

ते सराव करत होतं.

रेकॉर्डिंगच्या शेवटी ओठ परत आपटले. पण आता त्यामागे घसा होता. घोगरा, लाळेत बुडालेला...

"प्... प्... पा."

आणि स्वतःवरच खूश झाल्यासारखा एक घोट.

कुकरची शिट्टी झाली तशी ती किंचाळली.

मागच्या खोलीला कुलूप लागलं. काम तिने बाहेरच्या खोलीत मोबाईलवर सुरू केलं. आवाज स्वच्छ. एकाही पेशंटची तक्रार नाही. चिमीताईचा जीव भांड्यात पडला. रोज सकाळी ती त्या कुलपावरून नजर काढून घ्यायची आणि कामाला लागायची.

मास्तरांचे धडे मात्र मध्ये राहून गेले होते. त्यांची पाळी आली तेव्हा काकूच मोठ्या उत्साहात होती.

"ताई, तुम्हाला गंमत दाखवते. सारखा सराव चाललाय यांचा. मी सांगावं लागत नाही. झोपेतसुद्धा!"

काकूने फोनचा कॅमेरा मास्तरांकडे वळवला.

मास्तरांचे ओठ आत वळले होते. दात नसलेल्या माणसाचे वळतात तसे. मास्तरांना सगळे दात होते, पुढचा एक सोन्याचा होता, चिमीताईने तो टॉर्चने पाहिलेला होता. हनुवटी ओली. शर्टाच्या कॉलरवर डाग.

चप्प. चप्प. चप्प.

टक्क. टक्क.

चिमीताई स्क्रीनकडे सरकली. ती म्हणाली, "मास्तर... माझ्याकडे बघा. म्हणा, डावीकडे."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे बोलायचे म्हटलं ना मी? ते डोळे गप्प होते. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. नुसतं तोंडाकडे. लहान मूल घास भरवणाऱ्या हाताकडे बघतं तसं.

"डावीकडे," चिमीताई परत म्हणाली.

ओठ हलले. लाळेची तार ताणली गेली.

"भ... भरव."

काकूच्या हातून फोनच पडला. स्क्रीनवर छत दिसायला लागलं, आणि त्या छताखालून काकूच्या रडण्याचा, हसण्याचा, परत रडण्याचा आवाज. "बोलले! ताई, ऐकलंत का, बोलले हो! भरव म्हणाले! थांबा, थांबा, केळं कुस्करून आणते..."

काकूची पावलं लांब गेली. फोन तसाच पडलेला. आणि छताकडे बघत चिमीताई एकटी ऐकत राहिली.

"भरव. भरव. भरव."

तो आवाज तिने स्वयंपाकघरात ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः मास्तरांच्या घरी गेली. पेशंटकडे जाणं तिच्या कामात बसत नाही, तरी गेली. भावजी म्हणाले, कशाला जातेस, ते बोलतायत, त्यांची बायको आनंदात आहे, आपली खोली शांत आहे. खोली खरंच शांत झाली होती. कुलूप काढून त्यांनी तपासलं होतं. हिरवी पट्टी निजलेली. रेकॉर्डिंगमध्ये नुसता भावजींचा खोकला. चिमीताईने मला सांगितलं, की त्या क्षणी तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची जेवढी किळस आली तेवढी त्या लाळेचीही आली नव्हती.

मास्तर खुर्चीत बसले होते. अंगावर टॉवेल. काकू चमच्याने केळं भरवत होती. मास्तर दात न लावता ते तोंडात घोळवत होते, थोडं आत जायचं, थोडं ओठांवरून परत यायचं, आणि काकू ते चमच्याने गोळा करून पुन्हा आत घालायची. चेहऱ्यावर असं समाधान, जणू लग्नाच्या पंगतीत वाढतेय.

"दात हलायला लागलेत ताई," ती म्हणाली. "या आठवड्यात दोन पडले. रक्त नाही, दुखणं नाही, आपले अलगद. वयच झालं आता. पण वाचा आली ना! सोन्याच्या दातापरीस वाचा मोठी."

"मास्तर दुसरं काही बोलतात का? गाडीचं काही? तुमचं नाव?"

काकू जरा थबकली. "नाव नाही घेतलं अजून. येईल. सावकाश येईल."

ती वाटी धुवायला आत गेली.

चिमीताई मास्तरांसमोर वाकली. टॉर्चसुद्धा आणला होता तिने पर्समध्ये, काढायचा धीर झाला नाही. "मास्तर," ती कुजबुजली, "तुम्ही आहात ना? असाल तर नुसती मान हलवा. बोलू नका."

मान हलली नाही.

खुर्चीतला माणूस पुढे झाला. तिच्या कानापाशी आला. चार बोटांवर. तोच वास. खूप दिवस मिटलेल्या तोंडाचा. कानाच्या पाळीला काहीतरी ओलं लागलं...

"छान शिकवते," तो आवाज म्हणाला. "अजून शिकव."

ती कशी बाहेर पडली, काकूला काय सांगितलं, तिला आठवत नाही. घरी येऊन तिने कान साबणाने धुतला. मग स्पिरिटने. कातडी लाल होईपर्यंत. भावजींनी हात धरला तेव्हा थांबली.

काकूला खरं काय ते सांगायचं तिने दोनदा मनावर घेतलं. काय सांगणार? तुमचा नवरा बोलतोय तो तुमचा नवरा नाही? बोलणं ऐकायला जी बाई महिनोन्‌महिने खुर्चीमागे उभी राहिली, तिला?

आता चिमीताई एका शाळेत जाते. मुलांना समोर बसवून शिकवते. मधे मी भेटलो तेव्हा तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला होता. दर थोड्या वेळाने तो थरथरायचा. मी विचारलं, कोण आहे एवढं?

"काकू," ती म्हणाली.

मास्तर आता भरपूर बोलतात म्हणे. दात सगळे गेले. बोलणं मात्र रोज नवं. फक्त चालणं बंद झालंय. काठी टेकत चालायचे ना, ते एके दिवशी थांबलं. दुखत नाही. ताकद आहे. डॉक्टर म्हणतात पाय ठीक आहेत. पण मास्तर आपल्या पायांकडे बघत बसतात आणि काकूला विचारतात, हे कसे टाकायचे?

त्यांना चालायला शिकवणारं कुणीतरी हवंय. चांगलं, समोर करून दाखवणारं. चिमीताईच्या ओळखीत एक फिजिओथेरपिस्ट बाई आहे, हे काकूला माहीत आहे. काकू रोज तिचा नंबर मागते.

चिमीताईने अजून दिलेला नाही.

फोन परत थरथरला. या वेळी मेसेज होता, आवाजाचा. चिमीताईने माझ्याकडे पाहिलं, आणि तो न ऐकताच पुसून टाकला.

"काकूचा नव्हता तो," ती म्हणाली. "काकू मेसेज लिहून पाठवते."